बेसाची सावली आपणच राखू या

30 मे 2024. नागपूरच्या रामदासपेठेतल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रानं 56 अंश सेल्सिअस तापमान दाखवलं. बघता बघता तो आकडा देशभरातल्या मोबाइलवर पोहोचला. मग हवामान खात्याचा खुलासा आला: सेन्सर बिघडला होता, आकडा चुकीचा आहे.

त्या एका आकड्यानं आपल्यात दोन तट पाडले. पहिल्या तटाला खुलासा वाचायचाच नव्हता. "नागपूर भट्टी झालं" म्हणत तो 56 अंशांचा फोटो पुढे ढकलत राहिला. दुसऱ्या तटाला खुलाशानं आनंद झाला. "बघा, हे सगळं तापमानवाढीचं नाटक असंच असतं. परदेशी पैसा, परिषदा आणि राजकारण!"

नागपूरच्या वेशीवरच्या आपल्या बेसा चौकातल्या चहाच्या टपरीवर, लेआउटच्या ओट्यांवर, सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर हा वाद दर उन्हाळ्यात नव्यानं रंगतो. जागतिक तापमानवाढ हे खरं संकट आहे की राजकारण? वाद रंगत असतो आणि तेवढ्यात समोरच्या प्लॉटवरचा जुना कडुनिंब आडवा होतो. त्याच्याकडे कुणाचंच लक्ष नसतं.

म्हणून हा वाद एकदा नीट मिटवू या. कारण आपल्याला पुढे पुष्कळ काम आहे.

हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे पृथ्वी किती तापेल, याचं गणित स्वीडनच्या स्वांते अऱ्हेनियस यांनी 1896 मध्ये मांडलं. त्याच्याही चाळीस वर्षं आधी, 1856 मध्ये, युनिस फूट या अमेरिकन बाईंनी साध्या काचेच्या नळ्यांमध्ये हा वायू भरून उन्हात ठेवला आणि तो साध्या हवेपेक्षा जास्त तापतो हे दाखवलं. त्या काळी ना हवामान परिषदा होत्या, ना सौरऊर्जेच्या कंपन्या. या विज्ञानाचा जन्म राजकारणाच्या पोटी झालेला नाही.

कारखानदारी सुरू होण्यापूर्वी हवेच्या दर दहा लाख भागांत या वायूचे सुमारे 280 भाग होते. हवाई बेटावरच्या मौना लोआ इथं 1958 मध्ये रोजचं मोजमाप सुरू झालं, तेव्हा ते सुमारे 315 होते. आज ते 420 च्या वर आहेत. उष्णता धरून ठेवणारी पृथ्वीवरची ही गोधडी आपण कोळसा, तेल आणि वायू जाळून जाड करत आणली आहे.

"पण पृथ्वी पूर्वीही तापली होती, गारठली होती," असं कुणी म्हणेल. खरंच आहे. पण ते बदल हजारो वर्षांत झाले. हा आपल्या पणजोबांपासून आपल्यापर्यंतच्या काळात झाला. "सूर्यच तापला असेल!" हा प्रश्नही रास्त आहे आणि त्याचं उत्तर मिळालेलं आहे. सूर्यामुळे तापमान वाढलं असतं, तर वातावरणाचे खालचे आणि वरचे दोन्ही थर तापले असते. प्रत्यक्षात जमिनीलगतची हवा तापते आहे आणि वरचा स्थितांबराचा थर थंड होतो आहे. कार्बन डायऑक्साइड वाढला तर नेमकं असंच घडेल, हे स्युकुरो मानाबे आणि त्यांच्या सहकाऱ्यानं 1967 मध्येच गणितानं दाखवलं होतं. मानाबे यांना 2021 मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

2024 हे जगातलं आजवर नोंदलं गेलेलं सर्वांत उष्ण वर्ष ठरलं. जागतिक हवामान संघटनेच्या हिशेबानं ते कारखानदारीपूर्व काळापेक्षा सुमारे 1.55 अंशांनी गरम होतं. भारतातही 1901 पासूनच्या नोंदींत तेच सर्वांत उष्ण वर्ष. हे निष्कर्ष जगभरातल्या हजारो केंद्रांच्या नोंदी एकमेकींशी ताडून काढतात. त्यात एखादा सेन्सर बिघडला, तर तो पकडलाही जातो. रामदासपेठेतला बिघाड हवामान खात्यानंच पकडला, हे विसरू नका. ज्यांना नाटक करायचं असतं, ते आपल्याच तोंडचा 56 चा आकडा खोडत नाहीत.

नागपूरचा अधिकृत उच्चांक आहे 47.9 अंश, 23 मे 2013 चा. तो पुरेसा आहे. आपल्याला खोट्या आकड्यांची गरजच नाही.

आता आपल्या अंगणातलं बघू. "नागपूरला ऊन काय नवीन आहे?" असं आपण अभिमानानं म्हणतो. नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, आपण पिढ्यान् पिढ्या काढला. दुपट्टा बांधून, पन्हं पिऊन, खिशात कांदा ठेवून, कूलरला वाळ्याच्या ताट्या लावून. पण या सगळ्या युक्त्या एका गोष्टीवर टेकलेल्या होत्या: रात्र गार व्हायची. अंगणात बाज टाकून झोपता यायचं आणि शरीर सावरायचं.

ती रात्र आपण गमावतो आहोत. सिमेंटचे रस्ते, काँक्रीटच्या गच्च्या, पेव्हर ब्लॉकची अंगणं दिवसभर ऊन पितात आणि रात्रभर ते ओकत राहतात. शिवाय हवा एका अंशानं तापली की ती सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरू शकते. आपला कूलर चालतो तो हवा कोरडी असते म्हणून. पावसाच्या आधीच्या त्या चिकट दिवसांत कूलरचं काही चालत नाही. ज्यांना परवडतं ते एसी घेतात, एसी बाहेरच्या गल्लीत गरम हवा फेकतो आणि शेजारच्या पत्र्याच्या खोलीतला माणूस आणखी उकडतो.

पावसाचंही तंत्र बिघडलं आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 मध्ये दाखवलं, की 1950 ते 2015 या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या क्षेत्रावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्या. म्हणजे पाऊस येतो तेव्हा अंगावर येतो आणि मधले दिवस कोरडे जातात.

23 सप्टेंबर 2023 ची पहाट नागपूरकर कसे विसरतील? काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीला पूर आला. अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, सुखवस्तू वस्त्यासुद्धा पाण्यात गेल्या. माणसं दगावली. प्रामाणिकपणे सांगायचं तर त्या पुराचं सगळं खापर तापमानवाढीवर फोडता येणार नाही. पाण्याची वाट आपणच अडवली होती. नदीचं पात्र आवळलं, माती झाकली, रस्ते घरांपेक्षा उंच केले. आभाळातून जास्त येऊ लागलं आणि जमिनीत कमी जिरू लागलं, असा तो दुहेरी मार होता.

आणि 2019 आठवा. त्या वर्षी जुलैत पेंचच्या तोतलाडोह धरणानं तळ गाठला आणि नागपूर शहरात एक दिवसाआड पाणी सोडावं लागलं. ऐन पावसाळ्यात!

काटोल-नरखेडच्या संत्रा बागायतदाराला तर हे कुणी समजावून सांगायलाच नको. आंबिया बहार धरायला डिसेंबर-जानेवारीत झाडाला पाण्याचा ताण द्यावा लागतो. ताण नीट बसला तर फूल एकदम फुटतं. नेमक्या त्या दिवसांत अवकाळी पाऊस झाला, की ताण तुटतो आणि वर्षभराचा हिशेब कोलमडतो. फुलं आली तरी गारपीट आहे, मग उन्हाळ्यातली फळगळ आहे. 2014 मध्ये नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच वर्षीच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपिटीनं महाराष्ट्रातली शेतं आणि बागा झोडपल्या होत्या.

तेव्हा तापमानवाढ खरी आहे. मग राजकारण नाही का? आहे. भरपूर आहे.

अमेरिकेनं पॅरिस करारातून बाहेर पडायचं, परत यायचं आणि जानेवारी 2025 मध्ये पुन्हा बाहेर पडायचा हुकूम काढायचा, हे राजकारण आहे. एक्झॉन या तेल कंपनीच्या शास्त्रज्ञांनी 1970-80 च्या दशकांतच पुढच्या तापमानवाढीचे बरोबर अंदाज बांधले होते आणि कंपनी मात्र जाहीरपणे शंका पेरत राहिली, हेही राजकारण आहे. भारताचं दरडोई कार्बन उत्सर्जन जगाच्या सरासरीच्या निम्म्याहूनही कमी आहे. तरी बोट आपल्याकडे दाखवायचं, हेही राजकारणच.

आणि विदर्भाच्या वाट्याला आलेलं राजकारण? कोळसा आपल्या जमिनीतला. चंद्रपूरचं 2920 मेगावॅटचं वीज केंद्र आपल्याकडे. कोराडी आणि खापरखेड्याची केंद्रं आपल्या शहराच्या उशाशी. जुलै 2022 मध्ये कोराडीच्या राखेचा खसाळा इथला बंधारा फुटला आणि राखेचा चिखल आसपासच्या शेतांत, पाण्यात पसरला. वीज राज्यभर जाते, राख मात्र इथंच राहते.

तरी एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. अमेरिकेसारखं आपल्याकडे एका पक्षानं तापमानवाढ मानायची आणि दुसऱ्यानं नाकारायची, असं घडलेलं नाही. 1972 मध्ये स्टॉकहोमच्या पर्यावरण परिषदेत इंदिरा गांधी बोलल्या. 2008 मध्ये मनमोहन सिंग यांच्या सरकारनं हवामान बदलाचा राष्ट्रीय कृती आराखडा आणला. 2015 मध्ये नरेंद्र मोदी यांनी फ्रान्सबरोबर आंतरराष्ट्रीय सौर आघाडी उभी केली आणि 2021 मध्ये ग्लासगोत 2070 चं शून्य उत्सर्जनाचं उद्दिष्ट जाहीर केलं. पक्ष बदलले, तरी विषय टिकला. मग आपण ओट्यावर बसून एकमेकांशी कशाला भांडायचं?

आपली अडचण निराळी आहे. आपल्याकडे सगळे मान हलवतात आणि मग काम अर्ध्यावर राहतं. 2019 च्या पावसाळ्यात राज्यात 33 कोटी झाडं लावायची मोहीम निघाली. सरकार बदललं आणि त्या वृक्षलागवडीची चौकशी करायला 2021 मध्ये विधिमंडळाची समिती नेमली गेली. एकानं लावायचं, दुसऱ्यानं मोजायचं. आणि पाणी कुणी घालायचं? तो प्रश्न कुणालाच पडला नाही.

तो आपल्याला पडायला हवा. कारण पाणी घालणारे हात आपले आहेत.

बेसाकडे बघा. कालपरवापर्यंत इथं काळी शेतं होती, धुऱ्यावर बाभळी आणि कडुनिंब होते, शेताशेतांत विहिरी होत्या. शहर मानेवाड्याच्या पुढे सरकलं आणि ग्रामपंचायतीचं गाव बेसा-पिपळा नगरपंचायत झालं. आपल्यातले पुष्कळजण इथं राहायला आले ते मोकळी हवा आहे म्हणून. आपणही त्या बदलाचा भाग आहोत, त्यात लाजण्यासारखं काही नाही. घर सगळ्यांनाच हवं असतं. पण ज्या हवेसाठी आलो, ती आपल्याच डोळ्यांदेखत जाऊ द्यायची का?

अजून सगळं गेलेलं नाही. म्हणूनच ही हाक आत्ता द्यायची. मध्य नागपुरात जे उलटवायला आता कोट्यवधी रुपये लागतील, ते बेसात अजून होऊच न देणं आपल्या हातात आहे. इथं काही धुरे उरले आहेत, काही विहिरी उरल्या आहेत, लेआउटमधल्या मोकळ्या जागा उरल्या आहेत. पिपळ्याच्या बाजूनं वाहणारी पोहरा नदी अजून नदी आहे, तिला नाला म्हणायची सवय आपण सोडली तर.

तर काय करू या?

पहिली गोष्ट झाडांची. महाराष्ट्रात 1975 पासून नागरी भागासाठी झाडं राखायचा कायदा आहे आणि तो नगरपंचायतीलाही लागू आहे. 2021 च्या दुरुस्तीनं पन्नास वर्षांहून जुन्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा दिला. जुनं झाड तोडायची परवानगी मिळालीच, तर त्याचं वय जितकी वर्षं, तितकी नवी झाडं लावायची अट घातली. हा कायदा आपल्या बाजूचा आहे, पण झाड स्वतः अर्ज करत नाही. म्हणून प्रत्येक लेआउटनं आपल्या झाडांची यादी करावी: कुठलं झाड, अंदाजे वय, बुंध्याचा घेर, एक फोटो. एका रविवारचं काम आहे. शाळकरी मुलं हे आपल्यापेक्षा चोख करतील. यादी नगरपंचायतीत देऊन पोच घ्या. उद्या कुऱ्हाड आली, तर हरकत नोंदवायला हातात कागद असेल.

नवी झाडं जरूर लावू, पण 5 जूनला फोटो काढण्यासाठी नको. नागपुरात तेव्हा नवतपा नुकताच संपलेला असतो आणि मान्सून यायचा असतो. रोप तिथंच वाळतं. दोन चांगले पाऊस होऊ द्या, जुलैत लावा. कडुनिंब, करंज, शिरीष, जांभूळ, चिंच, पिंपळ. जागा बघून निवडा. आणि रोप लावणाऱ्यानं तीन उन्हाळे त्याला पाणी घालायचा शब्द द्यावा. शंभर लावून पाच जगवण्यापेक्षा दहा लावून नऊ जगवू या. आहेत त्या झाडांच्या बुंध्याला सिमेंटचा फास बसला असेल तर तो फोडा, चार हात माती मोकळी ठेवा.

दुसरी गोष्ट मोकळ्या जागांची. एक एकराहून थोड्या कमी, म्हणजे 0.4 हेक्टर किंवा त्यापेक्षा मोठ्या लेआउटमध्ये दहा टक्के जागा मोकळी सोडणं राज्याच्या बांधकाम नियमावलीत बंधनकारक आहे. आपल्या लेआउटचा मंजूर नकाशा मागा आणि त्यावर ही जागा शोधा. तिथं पार्किंग किंवा पेव्हर ब्लॉक नको. तिथं माती हवी, सावली हवी आणि संध्याकाळी म्हाताऱ्यांना टेकायला बाक हवा.

तिसरी गोष्ट पाण्याची. नागपुरात वर्षाला सरासरी सुमारे हजार मिलिमीटर पाऊस पडतो. आपली गच्ची हजार चौरस फुटांची असेल, तर तिच्यावर वर्षाला नव्वद हजार लिटरहून जास्त पाणी पडतं. थोडं वाया गेलं असं धरलं तरी सत्तर हजार लिटर हाती लागतं. पाच हजार लिटरचे चौदा टँकर! ते आज आपण नालीत सोडतो आणि एप्रिलमध्ये टँकरवाल्याला फोन करतो. 500 चौरस मीटर आणि त्यावरच्या प्लॉटवर पाऊसपाणी साठवणं किंवा जिरवणं सक्तीचं आहे. मोठ्या सोसायट्यांनी आपली योजना कागदावर आहे की जमिनीत, हे या उन्हाळ्यात उघडून बघावं. आणि लेआउटमध्ये जुनी विहीर असेल, तर तिच्यात मलबा टाकू देऊ नका. गाळ काढा, जाळी बसवा, गच्चीचं पाणी गाळून तिच्याकडे वळवा.

चौथी गोष्ट गच्चीची. पांढरा चुना किंवा उन्हाला परतवणारा रंग दिला, तर वरच्या मजल्यावरची खोली साधारण दोन ते पाच अंशांनी गार राहते. पत्र्याच्या घराला तर याचा सर्वांत जास्त उपयोग. ज्यांना जमेल त्यांनी सौर पॅनेल बसवावेत. पीएम सूर्य घर योजनेत तीन किलोवॅटच्या संचाला 78,000 रुपये अनुदान मिळतं आणि असा संच दिवसाला सुमारे बारा युनिट वीज देतो. कोराडीची राख कमी व्हावी असं वाटत असेल, तर सुरुवात आपल्या मीटरपासून करता येते.

पाचवी गोष्ट माणसांची, आणि तिला पावसाची वाट बघायची गरज नाही. आपली घरं बांधणारे मजूर, वॉचमन, घरकाम करणाऱ्या ताई, भर दुपारी पार्सल आणणारी पोरं हे सगळे 45 अंशांत उभे असतात. बांधकामाची वेळ सकाळी लवकर आणि संध्याकाळी करायला ठेकेदाराला सांगा. फाटकाशी रांजण ठेवा, त्याला सावली करा. कुणी चक्कर येऊन पडलं, असंबद्ध बोलू लागलं, अंग कोरडं तापलेलं असलं, तर ऊन लागलं आहे असं समजा. सावलीत न्या, कपडे सैल करा, ओल्या कापडानं अंग पुसा, वारा घाला आणि 108 ला फोन करा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी ओतू नका.

अहमदाबादनं 2010 च्या उष्णतेच्या लाटेत तेराशेहून अधिक जास्तीचे मृत्यू पाहिले. तिथं 2013 मध्ये दक्षिण आशियातला पहिला उष्णता कृती आराखडा तयार झाला. नंतर नागपूर शहरानंही असा आराखडा स्वीकारला. बेसा-पिपळ्यासाठीही तो हवा. दवाखान्यात बर्फ आणि सलाइन तयार असणं, दुपारी उघडी राहणारी गार जागा, एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची यादी, एवढ्यानंही जीव वाचतात.

आणि इथं आपल्याला राजकारण करायचं आहे. मनापासून आणि उघडपणे. आपल्या प्रभागात मत मागायला जो येईल, त्याला विचारा: नगरपंचायतीच्या अंदाजपत्रकात झाडांना पाणी घालायला किती रुपये आहेत? पोहरा नदीच्या काठावर बांधकाम कुणाच्या परवानगीनं होतं? नव्या रस्त्याच्या कडेला पाणी मुरायला जागा सोडणार का? पर्यावरणासाठीचं माझी वसुंधरा अभियान 2020 पासून राज्यात चालू आहे, त्यात आपल्या नगरपंचायतीनं यंदा काय केलं? भगवा, तिरंगा, निळा कुठलाही झेंडा असो, प्रश्न हेच विचारायचे आणि उत्तर लेखी घ्यायचं.

एका बेसानं जगाचं तापमान उतरणार नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. त्यासाठी श्रीमंत देशांकडून हिशेब मागावाच लागेल आणि तो मागायचा आपला हक्क आहे. पण आपल्या गल्लीत दुपारी सावली असावी, विहिरीला मे महिन्यात पाणी असावं, आजी-आजोबांना रात्री झोप लागावी, यासाठी वॉशिंग्टनच्या परवानगीची गरज नाही.

म्हणून येत्या रविवारी सकाळी सातला, ऊन चढायच्या आत, आपापल्या लेआउटमध्ये खाली उतरा. शेजाऱ्याला हाक मारा. तो तापमानवाढ न मानणारा असला तर त्याला आधी हाक मारा, सावली त्यालाही हवीच आहे. वही घ्या, झाडं मोजा, मोकळी जागा शोधा, विहिरीत डोकावा. आणि सोमवारी ती यादी नगरपंचायतीच्या टेबलावर ठेवा.